पुढच्या वर्षीचे कपडे

आम्ही जयपूरला आलो ते मार्च सरता सरता. मिस्टर विमा कंपनीत असल्यामुळे बदल्या अंगवळणी पडल्या होत्या, पण या वेळी सगळं एकदमच अंगावर आलं. साताऱ्यात घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते नुकतेच सुरू झालेले, इथल्या घरमालकानं आगाऊ भाडं मागून घेतलेलं, आणि सामानाची खोकी फोडायच्या आत मुलींची शाळा उघडणार होती. थोरली पाचवीत जायची होती, धाकटी दुसरीत.

शाळेनं कपड्यांसाठी एकच दुकान नेमून दिलेलं होतं. तिथे उन्हात रांग लावून आत पोचले तेव्हा कळलं, की इथे एक युनिफॉर्म नसतो, तीन असतात. उन्हाळ्याचा एक, शनिवारचा पांढरा एक, आणि थंडीचा तर अख्खा संसारच. स्वेटर, ब्लेझर, जाड मोजे, आतून घालायचं काही. साताऱ्यात एका स्वेटरवर हिवाळा निघायचा. दुकानदारानं दोन मुलींचं सगळं काउंटरवर मांडलं, आकडा सांगितला, आणि मी नुसते बेल्ट आणि मोजे घेऊन बाहेर आले.

"मम्मी, ड्रेस नाही घेतला?" थोरलीनं विचारलं.

"बघू. अजून वेळ आहे," मी म्हटलं. वेळ नव्हताच.

पुस्तकांचं निभावलं. जुन्या शहरातल्या चौड्या रास्त्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एक अख्खी दुपार घालवून मी थोरलीची बरीचशी पुस्तकं मिळवली. आधीच्या मुलानं पेन्सिलीनं सोडवलेली उत्तरं आम्ही तिघींनी बसून खोडली. कपड्यांचं मात्र काही सुचेना. आमच्या घरात धाकटी नेहमी थोरलीचेच कपडे घालत आली, तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण नव्या शाळेत थोरलीचेच नव्हते, तर धाकटीला कुठून येणार?

अशात एका सकाळी इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'मुलींचे शाळेचे कपडे आहेत. पाचवी ते दहावी. एकदाही घातलेले नाहीत. एका वेळी एकाच वर्षाचे मिळतील.' खाली शाळेचं नाव, आणि ती आमचीच शाळा होती. मी लगेच फोन लावला. पलीकडून एक शांत आवाज म्हणाला, "पोरीला घेऊनच या. अंगावर घालून पाहिल्याशिवाय मी देत नाही."

रविवारी दुपारी आम्ही जवाहर नगरला गेलो. तळमजल्याचं घर, पुढे चार कुंड्या, दाराला जाळी. दार उघडणारी बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असावी. अंगानं बारीक, केस बरेच पांढरे झालेले आणि तसेच ठेवलेले. मूळची अमरावतीकडची. "या ना, या. उन्हाच्या आल्या बिचाऱ्या," म्हणत तिनं मुलींना आधी पाणी दिलं, मग आम्हाला आतल्या खोलीत नेलं.

तिथे एक लोखंडी कपाट होतं. ते उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत खालपासून वरपर्यंत कपड्यांचे ढीग रचलेले होते. सर्वांत खाली पाचवीचे, त्यावर सहावीचे, असे चढत गेलेले. राखाडी ट्युनिक, पांढरे शर्ट, निळे स्वेटर. शर्टांच्या कॉलरमधले पुठ्ठे आणि दुकानातल्या टाचण्या अजून तशाच होत्या.

मी बघतच राहिले. मनात म्हटलं, काय धोरणी बाई आहे! आपल्याला कधी असं जमलं नाही.

"एवढं सगळं एकदम कसं घेतलंत हो, ताई?"

"ते जुनं दुकान बंद होऊन राहिलं होतं ना. अर्ध्या किमतीत काढून राहिले होते. मी म्हटलं, पोरगी काय, वाढणारच आहे. दहावीपर्यंतचं घेऊनच टाकलं." ती थोरलीकडे वळली. "ये वं बाई, इकडे उजेडात ये."

थोरलीनं ट्युनिक घातला. आरशासमोर उभी राहिली. ताई तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि खालची घडी मोडून टाचण्या लावू लागली. काही टाचण्या तिनं ओठांत धरल्या होत्या. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. धाकटी पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होती. तिला गप्प बसणं कधी जमलंच नाही.

"मावशी, हे कोणाचे कपडे आहेत?"

टाचण्यांमुळे उत्तर नीट आलं नाही. "माह्या मुलीचे."

"ती कितवीत आहे?"

ताईनं ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "यंदा आठवीत असती."

आमच्या मुली बदल्यांमुळे हिंदीतच जास्त वाढलेल्या. धाकटीचं मराठी तर अगदीच कच्चं. तिला 'असते' ऐकू आलं. "मग कुठे आहे ती? खेळायला गेली?"

मला मात्र बरोबर ऐकू आलं होतं. मी धाकटीचा दंड धरला, पण तोवर तिचं विचारून झालं होतं.

"नाही गं. ती नाही आहे," ताई म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "चौथीत होती. डेंगू झाला." मग तिनं मान तिरकी करून ट्युनिकची कड पाहिली आणि मला विचारलं, "लांबी ठीक वाटते का? की अजून थोडी सोडू?"

मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार होते? तिनं हिवाळ्याचे कपडेही घालून पाहायला लावले. एप्रिलच्या उकाड्यात माझी मुलगी ब्लेझर घालून आरशापुढे उभी राहिली आणि ताई दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहत राहिली. आरशात मला दोघी दिसत होत्या, मी स्वतः दिसत नव्हते.

पैसे तिनं घेतले. "मी दुकानात दिले तेवढेच द्या," म्हणाली, एक रुपया वरचा नाही. निघताना थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पुढच्या वर्षी ये हं. सहावीचे ठेवले आहेत."

ऑटोत मी पिशवी मांडीवर घेतली होती. नवे कपडे, निम्म्याहूनही कमी खर्च, वाचलेल्या पैशांत धाकटीचे दुकानातून घेता येणार होते. घरी जाऊन मिस्टरांना आनंदानं सांगावं असा सौदा. पण पिशवी मला जड वाटत होती, आणि राजा पार्कच्या गर्दीत सिग्नलला थांबलो तेव्हा ती खाली पायाशी ठेवावी असं मनात आलं. ठेवली मात्र नाही.

मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वापरलेले तर नाहीत ना? मग काय हरकत आहे?" साताऱ्याला आईला फोन केला, तर ती एकदम म्हणाली, "परत कर बाई. लेकराच्या अंगावर असलं घालू नकोस." मी पुन्हा मिस्टरांकडे, पुन्हा आईकडे. शेवटी धाकटीच म्हणाली, "मम्मी, पण तिने घातलेच नाहीत ना? मतलब, मग ते तिचे कसे?" कपडे घरातच राहिले.

इस्त्री करताना मला ते दिसलं. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत, मानेला लागेल तिथे, लाल दोऱ्यानं एक अक्षर टाचलेलं होतं. त्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर. पाचवीच्या शर्टांवर ताईनं ते आधीच घालून ठेवलं होतं. मी उसवायला ब्लेड घेतलं. दोऱ्याखाली ब्लेडचं टोक सरकवलं आणि तसंच धरून बसले.

"राहू दे ना, मम्मी," थोरली मागून म्हणाली. "आतल्या बाजूला आहे. कोणाला दिसणार?"

पण मुली एकमेकींच्या मानेवरच नाचत असतात, त्यांना सगळं दिसतं. शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांनी धाकटीनं घरी येऊन सांगितलं, की थोरलीला वर्गातल्या मुलींनी विचारलं, हे अक्षर कुणाचं, तुझं नाव तर यावरून सुरू होत नाही.

"मग काय सांगितलंस?" मी थोरलीला विचारलं.

ती वेणी सोडवत होती. "सांगितलं, मोठ्या बहिणीचा आहे."

ती हे अगदी सहज म्हणाली. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मला दोनदा वाटलं, घरात आणखी कुणीतरी आहे, जेवायला वाढायचं आहे.

त्यानंतर माझ्या खरेदीत एक बदल झाला, तो मिस्टरांच्याच आधी लक्षात आला. पूर्वी मी मुलींचं काहीही घेताना एक माप मोठंच घ्यायची. बूट असोत, रेनकोट असो, दोन वर्षं जायलाच हवेत असा माझा हिशेब. तसं केलं नाही तर वाढत्या अंगाच्या पोरी परवडायच्या कशा? पण त्या वर्षी बुटांच्या दुकानात तो माणूस नेहमीसारखा म्हणाला, "एक नंबर बड़ा ले लीजिए भाभीजी, दो साल निकल जाएँगे," आणि माझ्या तोंडून चटकन निघालं, "नहीं, बराबर नाप का दीजिए." मिस्टर माझ्याकडे बघत राहिले. कपड्यांत वाचवायचं आणि बुटांत घालवायचं, हे त्यांना कळेना. मला त्यांना समजावून सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षीचं काहीही घरात आणून ठेवायला माझा हातच धजेना.

दुसऱ्या वर्षी एप्रिल आला तसं मी ठरवलं होतं, की जायचं नाही. पण थोरलीनंच आठवण केली, "मावशीकडे कधी जायचं?" आणि खरं सांगायचं तर दुकानातले भाव आणखी चढले होते. आम्ही गेलो. या वेळी ताईनं पाटवड्यांचा रस्सा करून ठेवला होता. थोरलीला तिखट झेपत नाही, पण नाका-डोळ्यांतून पाणी काढत तिनं दोन वाट्या संपवल्या. मग कपाट उघडलं गेलं, सहावीचे कपडे निघाले, आरसा, टाचण्या, गुडघे टेकून बसणं, सगळं तसंच. खालचे ढीग कमी झाले होते. कपाटाच्या तळाचा लोखंडी पत्रा दिसू लागला होता.

थोरली मधल्या काळातही तिथे जाऊ लागली. आधी मला विचारून, मग नुसतं सांगून. जाणं सोपं होतं, चालत पंधरा-वीस मिनिटांचं, आणि ताई तिला मराठी वाचायला शिकवत असे. हिंदीमुळे अक्षरं तिला येतच होती, ताई शब्द शिकवायची. एकदा जेवताना धाकटीनं पाण्याचा तांब्या सांडला, तेव्हा थोरली तिला म्हणाली, "काहून अशी करून राहिली वं?"

मिस्टर हसले. "ही कुठली भाषा शिकलीस?"

थोरलीही हसली. मला हसू आलं नाही. आमच्या घरात, आमच्या सात पिढ्यांत कुणी असं बोललेलं नव्हतं. जवाहर नगरच्या त्या खोलीत मात्र एक मुलगी बहुतेक असंच बोलत असणार. मी ताटाकडे बघत जेवले. त्यानंतर थोरली बोलायला लागली, की मी शब्दांकडे कान देऊन बसायची. कुठला आमचा, कुठला तिथला. शाळा सुटताना फाटकापाशी उभी असले, की राखाडी ट्युनिकांच्या त्या लोंढ्यात मला माझी मुलगी पाठमोरी ओळखू येईनाशी झाली. पूर्वी चालीवरून ओळखायची. आता वळेपर्यंत खात्री नसायची.

ताईचे मिस्टर आम्हाला कधीच दिसत नसत. सिव्हिल लाइन्सकडे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते, एवढं ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा ते स्कूटर काढून फाटकातून बाहेर पडत होते. मुली आत पळाल्या. ते थांबले, हेल्मेट हातातच धरून.

"तुम्ही याल म्हणून मी आजच्या दिवशी बाहेरच असतो," ते म्हणाले. "मला पाहवत नाही."

मी गोंधळले. "तुम्हाला त्रास होत असेल तर आम्ही..."

"नाही, नाही. तसं नका करू." त्यांनी घराकडे पाहिलं. "तुम्ही येणार म्हटलं की ती आठ दिवस आधीपासून घर झाडून राहते, कपडे उन्हात टाकते. वर्षातून तेवढीच ती... जाऊ द्या. मी बदली मागितली नाही इथून. ती म्हणे, पोरगी इथे आहे, आपण कुठे जायचं? आता निवृत्तीपर्यंत इथेच." त्यांनी हेल्मेट घातलं. मग काच वर करून म्हणाले, "तुमची मुलगी चांगली आहे. सांभाळा."

सांभाळा. किती साधा शब्द. मी आत जाऊन आधी थोरली कुठे आहे ते पाहिलं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या जरा आधी, थोरलीला ताप भरला. जयपूरमध्ये त्या दिवसांत घरोघरी ताप असतो, म्हणून आम्ही आधी गोळ्यांवर काढलं. मग डोळे दुखायला लागले, अंगावर बारीक लाल ठिपके उठले. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, डेंगू आहे, भरती करा.

हॉस्पिटलची पिशवी भरायला मी घरी आले, तर बाल्कनीत दोरीवर सातवीचा ट्युनिक वाळत होता. वारा नव्हता. तो अगदी सरळ, खांदे धरून लटकल्यासारखा दिसत होता. मी तो ओढून काढला आणि काय करावं ते न सुचून खाली जाऊन शेजारणीच्या हातात दिला. "तुमच्याकडे ठेवा, मी नंतर नेते," एवढंच म्हटलं.

थोरलीला सलाइन लागलं होतं. डोळे मिटून पडलेली असायची. मध्येच ओठ हलवून काही बोलायची. एका दुपारी स्पष्ट म्हणाली, "मावशीला सांगितलं?"

मी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. पण धाकटीनं माझ्या फोनवरून कधीच सांगून टाकलं होतं. मी डॉक्टरांना भेटायला खोलीबाहेर आले, तर व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या मशिनपाशी, ताई भिंतीला टेकून उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. हातात नारळपाण्याची पिशवी.

"आत चला ना, ताई," मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं.

तिनं मान हलवली. "नको. मी आत येत नाही. माझं पाऊल नको तिथे." पिशवी पुढे केली. "हे दे तिला. कोणी आणलं ते नको सांगू."

माझ्या मनात जे होतं ते तिनंच बोलून टाकलं होतं. आईचा फोनवरचा आवाज, वाळत घातलेला ट्युनिक, ते लाल अक्षर, सगळं त्या क्षणी माझ्यासमोर आलं. ती परत जायला वळली. तिची पाठ पाहिली आणि मला एकदम दिसलं, की ही बाई अशाच एका व्हरांड्यातून एकटी बाहेर पडली असेल. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. ती नको नको म्हणत होती. मी ओढतच तिला खोलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

थोरलीनं डोळे उघडले. "आलीस?" एवढंच म्हणाली.

ताई तिच्या पायांशी हात ठेवून बसली. मी मात्र खिडकीकडे तोंड करून उभी होते आणि खालच्या रस्त्यावरचे ई-रिक्षा बघत होते. मला पाठीमागे वळायची भीती वाटत होती. वळल्यावर काय दिसेल असं वाटत होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

प्लेटलेट्स वाढायला लागल्या. दिवाळीला ती घरी होती, अशक्त, चिडचिडी, पण घरी. शेजारणीकडून मी ट्युनिक परत आणला. थोरलीनं तो पुन्हा घातला तेव्हा आधी सैल झाला होता, मग हळूहळू भरून आला.

पुढच्या वसंतात शाळेनं युनिफॉर्म बदलला. फोनवर सूचना आली, सोबत चित्र. चौकड्यांचा स्कर्ट, वेगळ्या रंगाचा शर्ट, ब्लेझरसुद्धा नवा, आणि सगळ्या वर्गांना नवीन सत्रापासून सक्तीचा. पालकांच्या ग्रुपवर आरडाओरडा झाला. दर काही वर्षांनी हे असंच करतात, दुकानदाराशी साटंलोटं आहे, वगैरे. मीही त्यात एक वाक्य लिहिलं. पण खरं म्हणजे चित्र पाहिलं तेव्हा मी पलंगावर बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. खर्च डोळ्यांपुढे दिसत होता आणि तरीही डोक्यावरचं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. आता तिथे जायचं कारण उरलं नव्हतं.

ताईला हे माझ्या तोंडून कळावं म्हणून मी दोघींना घेऊन गेले. तिला आधीच कळलं होतं. कपाट उघडंच होतं.

"आता कोणाच्या कामाचे नाही हे," ती म्हणाली. आठवीपासून दहावीपर्यंतचे ढीग तिनं पलंगावर काढून ठेवले होते. आम्ही चहा घेतला. मग तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "एक मागू? नाही म्हटलं तरी चालते."

"सांगा ना, ताई."

"दहावीचा तेवढा तिला घालू दे. एकदाच. घरातल्या घरात."

मी थोरलीकडे पाहिलं. मी हो किंवा नाही म्हणायच्या आत ती उठली होती. सर्वांत वरचा ट्युनिक उचलून ती शेजारच्या खोलीत गेली. तापानंतर ती भराभर उंच झाली होती. बाहेर आली तेव्हा लांबी जवळजवळ बरोबर होती, खांद्यात तेवढा सैल. त्या कपड्यात ती एकदम मोठी दिसत होती, मला अनोळखी. ताईनं तिला बसवलं, केसांत तेल घातलं, घट्ट दोन वेण्या घातल्या आणि कपाटाच्या खणातून रिबिनी काढून बांधल्या. नवा टाय काढून गाठ मारली. कॉलर नीट केली.

"चालून दाखव बरं. फाटकापर्यंत."

थोरली चालत गेली. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नव्हतं. फाटकाची कडी काढून ती उभी राहिली. ताई जाळीच्या दारात, आणि आम्ही दोघी तिच्या मागे.

"डबा घेतला का?" ताईनं विचारलं. अगदी रोजच्या आवाजात, घाईच्या सकाळी विचारावं तसं.

थोरलीनं वळून पाहिलं. क्षणभर तिची नजर माझ्याकडे गेली, मग ताईवर आली. "घेतला," ती म्हणाली.

"पाण्याची बाटली?"

"हो."

"सांभाळून जा मग."

थोरली फाटकाबाहेर गेली. भिंतीमुळे दिसेनाशी झाली. किती वेळ गेला असेल, फार नसेलच. पण त्या वेळात गल्लीत कुठलाच आवाज आला नाही आणि ती परत येईल याची मला खात्री उरली नाही. माझा हात धरून उभी असलेली धाकटी, जिला कधी गप्प बसता येत नाही ती, एकदम हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा ताई भानावर आली. तिनंच पुढे होऊन हाक मारली, माझ्या मुलीला, तिच्या स्वतःच्या नावानं. थोरली फाटकातून आत आली.

त्या वर्षीचे कपडे आम्ही नेमलेल्या दुकानातून पूर्ण किमतीत घेतले. मिस्टरांनी कुरकुर केली नाही. ताईनं उरलेल्या ट्युनिकांवरची शाळेची चिन्हं उसवून काढली आणि कपडे एका बांधकामावरच्या मजुरांच्या मुलींना दिले. दहावीचा तिनं ठेवला की तोही दिला, हे मी विचारलं नाही.

कपाट रिकामं झालं तसं काही महिन्यांनी तिच्या मिस्टरांनी ती खोली भाड्यानं दिली. यवतमाळची एक मुलगी, डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करायला आलेली. गोपालपुऱ्याला क्लास, पण तिकडच्या हॉस्टेलमध्ये तिला जेवण जाईना, म्हणून इतक्या लांब राहायला आली. थोरलीला सुरुवातीला ते आवडलं नाही. "ती मावशीला मावशीच म्हणते," असं एकदा फुरंगटून म्हणाली. मग तिची आणि त्या मुलीची गट्टी जमली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ती अजून आली नाही. अंधार पडून राहिला. फोन बंद आहे तिचा."

"येईल हो, ताई. बस मिळाली नसेल."

"तू येते का?"

मी शाल घेतली आणि निघाले. ताई फाटकाबाहेर, स्वेटरशिवाय, थंडीत उभी होती. तिचे मिस्टर स्कूटर घेऊन शोधायला गेले होते. मी तिच्या खांद्यावर माझी शाल टाकली. आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिलो. कुणी वळलं की ती पुढे व्हायची, आणि तिच्याबरोबर मीही. माझ्या दोन्ही मुली घरी अभ्यासाला बसलेल्या होत्या, मी स्वतः त्यांना बघून निघाले होते. तरी गल्लीतून कुणाच्या येण्याची मी वाट पाहते आहे, ते मला नीट कळत नव्हतं.

अखेर दिव्याखालून ती आली. पाठीवर भली मोठी बॅग, मफलर नाकापर्यंत.

"क्लास लांबला, मावशी. फोनची बॅटरी गेली."

"कोणाच्या फोनवरून काहून नाही केला?" ताई ओरडली. मी तिला कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं. "जीव घेशील का माझा? चल, आत हो. जेवण थंड झालं."

मुलगी खाली मान घालून आत गेली. ताई तिच्या मागोमाग गेली, दारातून पुन्हा वळली, मला म्हणाली, "तूही ये ना. दोन घास खा."

मी म्हटलं, घरी मुली वाट बघतात. घरी पोचेपर्यंत मी जवळजवळ धावतच होते.